रजा आता बाईंच्या हातात

मुख्याध्यापकांनी आपली कामं शिक्षकांत वाटून टाकली आणि रजा मंजूर करायचं काम भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. बाई मनातून खूश झाल्या. आजवर त्यांनी रजा मागितली की मुख्याध्यापक चष्म्यावरून बघत एकच विचारायचे, "बाई, तुम्ही गेलात तर वर्ग कोण सांभाळणार?"

आपण कुणाचा असा हिरमोड करायचा नाही, बाईंनी ठरवूनच टाकलं. गणिताच्या सरांकडे पाहुणे आले, दिली रजा. खेळाच्या सरांची पाठ धरली, दिली. काल तर खुद्द मुख्याध्यापक दारात घुटमळले. "अहो सर, खुशाल जा!"

आज बाईंची लेक नोकरीसाठी परदेशी निघाली होती. "विमानतळावर येतेच गं, आता मला कोण अडवणार?" असं बाई सकाळीच म्हणाल्या होत्या. पर्स उचलून त्या निघाल्या, तर स्टाफरूममध्ये चिटपाखरू नव्हतं आणि पोरांनी शाळा डोक्यावर घेतली होती.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, निघालीस ना?"



बाईंनी पर्स खाली ठेवली. "बाळा, मी आले तर वर्ग कोण सांभाळणार?"