घर निघालं

आमच्या जावा बेटावर जमीन एकाची, घर दुसऱ्याचं असू शकतं. त्याचाच डाव दिरानं विधवा पाइनेमवर टाकला. "वहिनी, जमीन बापानं मला दिली. घर दादानं बांधलं, ते तुमचं. न्या उचलून!" वर दात काढले. "पण माझ्याशी वाकडं घेऊन खांदा देणार कोण?" पहाटे तिनं गावाला हाक द्यायचा दारातला लाकडी टोल बडवला. आधी कुत्रं तेवढं आलं. मग बांबू घेऊन अख्खं गाव, घर गावकीच्या मोकळ्या जागेवर न्यायला. तट्ट्या सोडल्या, बांबू खांबांना आवळले. "काकू, बाहेर व्हा की!" ती चुलीपाशीच थिजली. "बिस्मिल्ला!" घर खांबांखालच्या दगडी उथळ्यांवरून उठलं. गवती छप्पर तिच्या डोक्यावरून ढगासारखं सरकत गेलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा चुलीवर आभाळ उघडलं. दीर रिकाम्या जागेवर येऊन उभा राहिला. "भाऊजी, चूल मातीची, म्हणजे तुमची. बसा फुंकत!" घर वळणावर पोचलं होतं. तिला धावावं लागलं.