पाचवी पाकळी

बालवाडीच्या बाईंनी सोपं काम दिलं होतं. घरातल्या मोठ्या माणसाचा हात रंगीत कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, कापायचं आणि बोटं जराशी वळवायची. झालं वसंतातलं फूल! एक चिमुरडी मात्र चारच पाकळ्यांचं फूल घेऊन आली, आणि बाईंना अर्धवट काम मुळीच खपायचं नाही.

"पाचवी कुठंय? कापायचा कंटाळा केलास ना?"

"बाई, एवढ्याच होत्या."

"वर उलट उत्तर! हाताला बोटं किती असतात, तेही मीच सांगू?"

सगळी पोरं खो खो हसली. बाईंनी स्वतः एक पाकळी कापली, डिंकाने चिकटवली आणि फूल भिंतीवर लावून टाकलं.

शनिवारी पालक आले. भिंतीवर हात टेकवून आपापलं फूल ओळखायचं, असा खेळ होता. एकेकाचं फूल सापडत गेलं. चिमुरडीचे वडील, पेशाने सुतार, तेवढे या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरून आले.

"बाई, आमचं लावायचं राहिलं वाटतं," ते हसत म्हणाले. "नाहीतर लगेच ओळखलं असतं." त्यांनी उजवा हात वर केला. करंगळीच्या जागी नुसता खुंट होता.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिमुरडीने बाईंकडे पाहिलं, मग वडिलांचा तोच हात धरला.

"बाबा, मीच ते घरी विसरले."