सध्याचा पत्ता

"मावशी, आत्ताच निघालात की काय?" मुक्ताबाईच्या पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीकडं बघत हवालदारानं विचारलं.

"माझं काय, पिशवी भरलेलीच असती," मुक्ताबाई म्हणाली.

सुदर्शन उगाच हसला. आईच्या पासपोर्टच्या पडताळणीसाठी हवालदार शेंद्र्याला त्याच्या घरी आला होता, आणि हा पासपोर्ट वेळेत हातात पडायलाच हवा होता. त्याची बहीण मोनिका परदेशात ज्या बेटावर नर्स होती, ते बेट मार्चअखेर दुसऱ्या देशाच्या ताब्यात जायचं होतं. तोवर जे आईबाप तिथं पोचतील, त्यांना लेकराजवळ कायमचं राहता येणार. नंतर दार बंद.

"मुलगा असताना लेकीच्या दारी?" अर्ज चाळत हवालदार म्हणाला. "आमच्याकडं नाही बुवा चालत."

सुदर्शनची मान खाली गेली. लाजेनं त्याचे कान तापले. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आणि हा माणूस काही खोटं बोलत नव्हता.

"पोरगीच मागं लागली," मुक्ताबाईनं सांभाळून घेतलं. "दर इतवारी फोनवर तेच. सुदर्शन न चुकता बोलणं करून देतो."

"गुणाचा आहे."

"लई."

हवालदारानं पाणी मागितलं. मुक्ताबाई लगबगीनं उठली. स्वयंपाकघरातलं एक कपाट तिनं उघडलं, मग दुसरं. तेवढ्यात सून प्रेरणानं पुढं होऊन भरलेला पेला तिच्या हातात दिला.

"वय झालं, विसरतात," प्रेरणा म्हणाली.

"मावशी, हे घर तुमचंच ना?"

"व्हय तर. पहिली कुदळ मीच मारली."

साक्षीला शेजारचे सांडूभाऊ आले होते. अर्जदार वर्षभर याच पत्त्यावर राहते, अशा मजकुराखाली त्यांना सही करायची होती. त्यांनी पेन उचललं, सुदर्शनकडं पाहिलं, मग मुक्ताबाईकडं. पेन तसंच हातात राहिलं.

"कर बाबा सही," मुक्ताबाई म्हणाली. "लेकीकडं जायचंय मला."

सांडूभाऊंनी सही ओढली आणि समोर आलेला चहा न घेताच ते निघून गेले. सुदर्शनला त्यांच्या पाठीकडंही बघवलं नाही.

हवालदारही कागद गुंडाळून उठला. त्याची मोटारसायकल वळणाआड गेली, तसं मुक्ताबाईनं पेला धुतला, पालथा घातला आणि पिशवी उचलली.

"आई, मोनिकाला..." सुदर्शन तिच्यामागं दारापर्यंत आला.

"नाय सांगत. चल, सोड मला. सहाला वृद्धाश्रमाचं फाटक लावतात."