एकशे सतरावा खिळा

सहाला पाच मिनिटं कमी होती आणि फळ्यावरचा एकशे सतरावा खिळा रिकामा होता.

बोर्येने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तो पाळीप्रमुख. खाली उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खिशात टाकायचा, वर आल्यावर तो आपल्या खिळ्याला अडकवायचा, आणि सगळे खिळे भरल्याशिवाय सुरुंग उडवायचे नाहीत, हा या लोखंडाच्या खाणीचा शिरस्ता. एकशे सतरा म्हणजे एलोफ.

"तो वर आलाय," हिलेवी म्हणाली. तिच्यासमोरच्या पडद्यावर हिरवं शून्य होतं. खाली माणसं: शून्य.

हिलेवी विद्यापीठातली. तीन वर्षं खपून तिने प्रत्येकाच्या हेल्मेटच्या दिव्यात एक छोटं यंत्र बसवलं होतं. कोण कुठल्या बोगद्यात आहे ते पडद्यावर दिसे. आज चाचणीचा शेवटचा दिवस. आज निभावलं की उद्या सकाळी फळा उतरणार होता आणि तिचं यंत्र आणखी चार खाणींत जाणार होतं. नेमका आजच एलोफने घोळ घालावा, याचा तिला मनापासून राग आला.

"दिवा वर आलाय," बोर्ये म्हणाला. "तो बघ, चार्जिंगला लावलाय. माणसाचं काय?"

"दिव्याशिवाय तिथे पाऊल तरी टाकतं का कुणी?"

"अगं, दिवा बंद पडला की दुसऱ्याचा घेतात. घाईत अदलाबदल होते, आणि बंद दिवा तुझ्या पडद्यावर दिसत नाही." मग तो कपडे बदलणाऱ्यांकडे वळला. "एलोफला वर येताना कुणी पाहिलं?"

"माझ्याच लिफ्टमध्ये होता वाटतं," स्टेलान म्हणाला.

"वाटतं, की होता?"

स्टेलानने स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं. "वाटतं."

एलोफच्या घरचा फोन तीनदा वाजून बंद झाला. सहा वाजले. रोज या वेळी सुरुंग उडतात, जमीन हलते आणि गावभर कपबश्या किणकिणतात. आज सगळीकडे शांतता होती.

"बोर्ये, रात्रपाळी नुसती बसून राहील," हिलेवी म्हणाली. "मालगाडी रिकामी जाईल. आणि कशासाठी? एका पत्र्याच्या चकतीसाठी!"

"पितळेच्या," बोर्ये म्हणाला आणि बूट चढवू लागला.

"सुरुंग भरलेत आणि तू खाली जाणार?"

"मग काय एलोफला पत्र पाठवू?"

हिलेवीच्या ऐंशी पानी अहवालात एक ओळ होती: दिव्यांची अदलाबदल, एकदा, नगण्य. 'नगण्य' हा शब्द तिचाच. तो नेमका आत्ताच आठवायला नको होता. पडद्यावरचं शून्य तसंच हिरवंगार होतं, पण तिला आता त्याच्याकडे बघवेना.

एलोफच्या घरी जाऊन यायला स्टेलान गाडीची किल्ली शोधत होता, एवढ्यात दार उघडलं. दारात एलोफ. अंगात आंघोळीचा झगा, वर कोट, तोंड बीटासारखं लाल, भुवयांवर बर्फ. बर्फावरून पायाने रेटत आणलेली घसरगाडी त्याने दारातच आडवी टाकली होती.

"सौनात वाफ घेत बसलो होतो रे," तो धापा टाकत म्हणाला. "बादलीतलं ओगराळं रोज सहाला वाजतं. आज वाजलंच नाही. म्हटलं, खाणीत झालं तरी काय? आणि मग पँटचा खिसा आठवला."

त्याने मूठ उघडली. आत बिल्ला होता.

"एकतीस वर्षं वापरला. उद्या तुम्ही फेकणारच होतात. म्हटलं, आपण ठेवून घ्यावा."

"गाढवा!" बोर्ये एक बूट घातलेला, एक हातात, तसाच खुर्चीत बसला. "मागता आला नसता?"

"लाज वाटली मागायला."

एलोफने बिल्ला खिळ्याला अडकवला. सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी सुरुंग उडाले. टेबलावरच्या कपांनी मान डोलावली.

"तुझं यंत्र बरोबर होतं," बोर्ये हिलेवीला म्हणाला. "फळा चुकला. तसंच लिही." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिने लिहिलं: यंत्र बरोबर. फळा चूक. वाया गेलेला वेळ एकेचाळीस मिनिटं. पलीकडे एलोफ कॉफी पीत होता आणि कुणी ऐको न ऐको, सारखा म्हणत होता, "मी तिकडे घाम काढत बसलोय, आणि तुम्ही इथे थांबलात होय माझ्यासाठी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार रुनो पेचकस घेऊन फळ्यासमोर उभा होता. हिलेवीला खालच्या बोगद्यातलं, दिव्यांचे संकेत पकडणारं एक यंत्र तपासायला जायचं होतं. तिने हेल्मेट घातलं, दिवा लावला. पडद्यावर तिचं नाव ठसठशीत उमटलं.

लिफ्टच्या दाराशी जाऊन ती परत आली. फळ्याच्या अगदी खालच्या ओळीत पाहुण्यांचे बिल्ले असतात. त्यातला एक तिने काढला आणि खिशात टाकला.

"आता कशाला ते?" रुनो म्हणाला. "हे आत्ताच उतरवायचं आहे मला."

"मी वर आल्यावर उतरव," हिलेवी म्हणाली.