निजलेली

“तीन वर्षं रक्त नाही, कळ नाही. बरी झालीस की गं! आता कशाला गोळ्या गिळतेस?” म्हणत वत्सलावन्संनी डबा कपाटावर टाकला. उज्ज्वला हसली. तिलाही तेच ऐकायचं होतं.

डॉक्टर मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याची ही व्याधी जात नाही, निजते. रोजच्या गोळीनं तिला निजलेलीच ठेवलीत, तर नातवंडंसुद्धा खेळवाल.”

गोळ्या सोडल्याच्या अकराव्या दिवशी, भर दुपारी ती एकटीच तांदूळ निवडत होती. कुणीतरी गुणगुणत होतं. रेडिओ तर बंद होता. दार उघडून पाहिलं, तर अंगणात चिटपाखरू नव्हतं. सूर तिच्याच पोटातून येत होता, नुकत्याच जाग्या झालेल्या पोरीसारखा जडावलेला.

“कोण गं?” तिनं घाबरून विचारलं.

“मीच की,” आतून उत्तर आलं. “थोपटायची थांबलीस. म्हटलं, उठावं आता.”

ताट तिथंच टाकून ती स्टुलावर चढली, डबा काढून गोळी घेतली. मग भिंतीला टेकून बसली आणि पोटावर हलके थोपटत गाऊ लागली:

“नीज माझे बाई, लाल तुझी साडी,
उघडू नको डोळा, लावते मी कडी.”

वन्सं दारात थबकल्या. “अगं बाई! गोड बातमी, आणि मला शेवटी कळतेय?”

“नाही हो वन्सं,” थोपटणं न थांबवता उज्ज्वला म्हणाली. “ही जुनीच आहे. हिला कधी मोठं होऊ द्यायचं नाही.”