सोपा डबा

"घड्याळ लावलंय," मास्तर म्हणाले. "कर सुरू."

त्यांची बायको लाल गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मास्तर उघड्या बॉनेटपाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे गुंफून. मोकळे सोडले तर ते आपोआप इंजिनात जातात, हे त्यांना ठाऊक होतं.

गाडीत बिघाड होता, आणि तो मास्तरांनीच मुद्दाम करून ठेवला होता. शर्यतीच्या गाडीतला कंपनीचा कंप्युटर काढून दुसरा बसवायचा आणि इंजिनाला केव्हा किती पेट्रोल द्यायचं ते त्याला शिकवायचं, हा या गॅरेजचा धंदा. चौदा वर्षं वायरिंग बायकोकडे, शिकवणं मास्तरांकडे. ते वापरत होते तो कंप्युटर बाजारातून बंद झाला, म्हणून दोन नवे डबे आठवडाभर बघायला आणले होते. एक काळा, एक पांढरा. चार वाजता दुकानाचा माणूस येऊन नको तो परत नेणार होता.

"गिऱ्हाइकाला सोपं काय पडेल ते बघू," असं मास्तर आठवडाभर सांगत होते. गिऱ्हाइकाचा यात काडीचाही संबंध नव्हता. बुधवारी मास्तरांच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं कारण नाही. पण ते म्हणताना त्यांनी पेनाचं टोपण तीनदा काढलं आणि तीनदा लावलं. यंत्र कुठे अडखळतंय ते मास्तरांना लगेच कळतं. तेव्हापासून त्यांना एकच घोर लागला होता, आपण परत आलो नाही तर हिला एकटीला हे गॅरेज चालवता येईल का? बायकोनेही ते ओळखलं होतं. दोघं बोलायची मात्र गिऱ्हाइकाबद्दलच.

आत्ता काळा डबा जोडलेला होता. इंजिन सुरू झालं, काळा धूर ओकलं आणि बंद पडलं. लॅपटॉपवर नुसते आकडेच आकडे. कुठे काय चुकलंय ते सांगायची तसदी त्या डब्याने घेतली नव्हती.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. तिने प्लग काढून पाहिले, परत बसवले. मास्तरांनी जीभ दाताखाली धरली. आठव्या मिनिटाला त्यांचा हात पाठीमागून सुटला आणि छातीवर गेला. तिने वर पाहिलं तेव्हा त्यांनी खिशातलं पेन चाचपल्यासारखं केलं.

"अहो, इथे मला घाम फुटलाय," ती एकदम म्हणाली, "आणि हे म्हणतंय इंजिनाचं तापमान उणे चाळीस. बर्फात उभं केलंय का कुणी त्याला?"

ती खाली उतरली, तापमानाच्या सेन्सरपाशी वाकली आणि सुटलेली वायर खट्कन जोडली. गाडी सुरळीत धडधडू लागली.

"अकरा मिनिटं," मास्तर म्हणाले. पस्तीस मार्कांवर पास झालेल्या पोराचा निकाल सांगावा तसे.

मग तिने काळा डबा काढून पांढरा लावला. मास्तरांनी तिला बाहेर पाठवलं आणि दुसरीच एक वायर काढून ठेवली. ती येऊन बसली, किल्ली फिरवली. लॅपटॉपवर इंजिनाचं चित्र उमटलं, त्यात एक लाल बाण, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ही वायर तपासा. तिने तपासली.

"चाळीस सेकंद!" मास्तर जवळजवळ ओरडलेच. ते टायरांच्या ढिगावर टेकले, सकाळपासून पहिल्यांदाच. "ठरलं. हाच. शेंबडं पोरगंही चालवेल याच्यावर गॅरेज. चला, मिटली एकदाची काळजी."

त्यांचा चेहरा इतका निवांत झाला की तिला भीती वाटली. गेल्या महिन्याभरात तो असा कधीच दिसला नव्हता.

तिने पांढरा डबा काढला. त्याची वायर गुंडाळली, खोक्यात भरली आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली.

"हे काय चाललंय?"

"हा परत जाईल. काळा ठेवायचा."

"अगं, त्याला अकरा मिनिटं लागली तुला!"

"लागू देत."

"नीट शिकायलाच सहा महिने जातील."

"जाऊ देत. शिकवणारा आहे ना घरात."

बाहेर कुणाची तरी गाडी मागे येत होती, तिचा भोंगा वाजत राहिला. तो थांबल्यावर मास्तरांनी विचारलं, "आणि नसला तर?"

आठवडाभरात पहिल्यांदाच गिऱ्हाईक मधून बाजूला झालं होतं. तिने चिकटपट्टी दातांनी तोडली.

"पांढरा ठेवला की तुमची काळजी मिटते. मला ती मिटायला नकोय," ती म्हणाली. तिचे हात खोक्यावर घट्ट होते. "बुधवारी तुम्हाला आत नेतील तेव्हा तुमचा जीव इथे अडकलेला हवा. या अर्धवट शिकलेल्या बाईत."

मास्तर उठले, काळा डबा उचलून जागेवर बसवला आणि गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर येऊन बसले. तीही पुन्हा आपल्या जागेवर बसली. मास्तरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चष्मा लावला.

"बरं, बघ. हा पहिला तक्ता. इंजिन थंड असतं ना, तेव्हा पेट्रोल..."

तिने लॅपटॉप मिटला. त्यांचं बोट थोडक्यात वाचलं.

"आज नाही," ती म्हणाली. "आल्यावर."