नाना मधनं उठले तर

"मी मधनं उठलो, की तुझं कथा सांगणं बंद. कायमचं!" नानासाहेबांनी भर बैठकीत सुनेला सुनावलं.

"चालंल, मामा," रत्नमाला म्हणाली. "अन् नाय उठलात तर?"

शेजारच्या मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. अख्ख्या पुंडलिकनगरात नानांना असं उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

"तर तू म्हणशील ते!" नाना गरजले.

दर रविवारी संध्याकाळी नानांच्या हॉलमध्ये कथेची बैठक भरायची. मोबाइल बंद करून डब्यात टाकायचे, हा नानांचाच दंडक. पण स्वतःची खोड मात्र जाता जाईना. कथा अर्ध्यावर आली, की "शेवट कळला!" म्हणत उठायचे आणि आत माठाकडं पाणी प्यायला जायचे. सांगणाऱ्याचा पार विचका.

आज तर स्वारी भलतीच तोऱ्यात होती. उद्या नातीचा, प्रेरणाचा साखरपुडा. कन्नड तालुक्यातलं बागायतदार घराणं नानांनीच ठरवलेलं. पोरीला पुण्यात नोकरी लागली होती, तिला हे लग्न नको होतं. रत्नमालाही लेकीच्या बाजूनं भांडली. पण नानांपुढं कुणाचं काय चालतंय! डोकं दुखतंय म्हणून प्रेरणा आत पडून होती. आतनं रेडिओ ऐकू येत होता. म्हणजे रुसवा ओसरला, असं नानांनी धरलं.

रत्नमालानं सुरुवात केली.

"सांडू धनगराची शेळी, लाखात एक. गावात चोर सुटलेले. म्हणून गडी काठी घेऊन काट्यांचं कुंपण घातलेल्या वाडग्याच्या तोंडाशीच बसला. पाठीमागं शेळीच्या गळ्यातली घंटी वाजत होती. घंटी वाजतीय तवर शेळी हाय, म्हणून निर्धास्त."

अशा कथेत चोर मेहुणाच निघतो, नानांनी ताडलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठायला लागले.

"तेवढ्यात मेहुणा आला," रत्नमाला म्हणाली, "अन् सांडूशेजारीच राखणीला बसला."

नाना पुन्हा टेकले. मग कुत्री भुंकली. बिबट्या असणार! पण बिबट्या नव्हताच, वाट चुकलेला पाव्हणा होता. मग पाव्हण्यावर संशय. तोही बिचारा घोरायला लागला. नानांचा हात गुडघ्यावर जायचा आणि मुकाट परत यायचा. चहा गार झाला, घसा कोरडा पडला, तरी गडी जागचा हलेना.

"उजाडलं. सांडू उठून मागं गेला. शेळी नाय! वाडग्याचा काटा मागनं सरकवलेला. घंटी बाभळीच्या फांदीला बांधलेली, वाऱ्यानं वाजत होती."

सगळ्यांत आधी नानांनीच टाळी वाजवली.

"हरलो बाई! लई झ्याक! व्हय, कथा अशी पायजे. माणूस बसल्या जागी खिळला पायजे. पण घंटी बांधली कुणी?"

"घरच्याच माणसानं, मामा." रत्नमालानं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "उद्या तिला कसायाकडं द्यायची होती ना."

"हां! हे मात्र तू शेवटपर्यंत दडवलंस."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही बसला असता व्हय? जा आता, पाणी प्या."

नाना हसत हसत आत गेले. माठाशेजारचं प्रेरणाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. रेडिओ बंद करायला सांगावं म्हणून त्यांनी ते ढकललं.

खोलीतलं परसाकडचं दार सताड उघडं होतं, आणि पलंगावर रेडिओ एकटाच गात होता.